महाराष्ट्रातले हिवाळी पक्षी आणि त्यांच्या नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की आमच्या पक्षीमित्रांच्या गटात तेच ते प्रश्न पुन्हा यायला लागतात. कुणी पहिल्यांदाच दुर्बीण घेतलेली असते, कुणाच्या शेतावर अचानक थवा उतरलेला असतो, कुणाला आपली नोंद का नाकारली हे कळलेलं नसतं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत आणि आमच्या अनुभवातून आलेली आहेत.

हिवाळी पक्षी नेमके कधी येतात?

थंडी पडायच्या आधीच. करडा धोबी ऑगस्टच्या अखेरीला किंवा सप्टेंबरात सह्याद्रीतल्या ओढ्यांवर दिसायला लागतो, तेव्हा आपल्याकडे अजून छत्र्या बाहेर असतात. तुतारी आणि चिखल्यांच्या जातींचे काही पक्षीही ऑगस्टमध्येच खाडीवर पोचलेले असतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, तर त्याहून घाईच्या, पावसाळा सरायच्या आतच त्यांचे पहिले थवे दिसतात. बदकं येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पट्टकादंब हा जंगली हंस बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरनंतर. परतीचा प्रवास फेब्रुवारीच्या शेवटापासून सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो.

म्हणून ‘हिवाळी पक्षी’ म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे पक्षी असं धरून चालू नका. डिसेंबरात पक्षी भरपूर दिसतात, पण ते आले कधी हे कळायचं असेल तर सप्टेंबरातच ओढ्यावर जावं लागतं.

हे सगळे सायबेरियातून येतात ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट द्यायलाच हवं. बातम्यांमध्ये तळ्यावरचा प्रत्येक पांढरा पक्षी ‘सायबेरियन पाहुणा’ होतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचं गाव वेगळं आहे.

तलवार बदक, चक्रांग, थापट्या यांच्यातले बरेच खरोखर सायबेरियापर्यंतच्या उत्तरेकडच्या पाणथळींत वीण करतात. चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियातून उतरतो. पट्टकादंब तिबेट, लडाख आणि मंगोलियातल्या उंचावरच्या सरोवरांवर घरटी करतो आणि हिमालय ओलांडून येतो. माग काढायचं यंत्र लावलेल्या पट्टकादंबांपैकी एकाची ७,२९० मीटर उंचीवर उडतानाची नोंद आहे. बागेत दिसणारा थिरथिरा आणि झाडाच्या शेंड्यावर बसणारा निळाशार नीलांग हिमालयाच्या बाजूचे. भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या. अमूर ससाणा पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो आणि नोव्हेंबरच्या आसपास आपल्यावरून पुढे अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. तो इथे राहायला येत नाही, वाटेत थांबतो एवढंच.

रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची गोष्ट तर देशातल्या देशातली आहे. मोठा रोहित कच्छच्या रणात वीण करतो आणि तिथून आपल्या खाड्यांवर, धरणांवर येतो.

आणि ज्यांना हमखास ‘परदेशी’ म्हटलं जातं ते मुग्धबलाक आणि चित्रबलाक हे करकोचे तर इथलेच. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मधे फट राहते, ती एकदा पाहिली की पुन्हा चुकणार नाही. चित्रबलाक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळाभर इथेच घरटी करतो. उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावावरची वसाहत पाहिलीत, तर पिलं सांभाळणाऱ्या या पक्ष्याला पाहुणा म्हणायला तुमचं मन धजणार नाही. खरा सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचा दिसला तो राजस्थानात भरतपूरला, २००१-०२ च्या हिवाळ्यात. एक जोडी होती. त्यानंतर तो आलेला नाही. त्यामुळे बगळ्या-करकोच्यांच्या फोटोखाली ‘सायबेरियन क्रौंच’ लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं. जो पक्षी आपण गमावला त्याचं नाव इतक्या सहज भलत्यालाच लावलं जातं.

ऑक्टोबरात तळ्यावर बदकं होती, पण सगळ्या माद्याच. नर मागून येतात का?

नर तिथेच होते, तुम्हाला ते ओळखू आले नाहीत. वीण संपल्यावर बदकांचे नर भडक पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखेच मातकट दिसतात. त्याच सुमारास पंखांची उडायची पिसंही एकदम झडतात, काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. ती पिसं पुन्हा आली की प्रवास सुरू होतो, रंग मात्र नंतर सावकाश भरतात. तलवार बदकाचा नर नोव्हेंबर-डिसेंबरात सजलेला दिसतो. थापट्याला त्याहून वेळ लागतो. भुवई बदकाची ती सुंदर पांढरी भुवई ठळक व्हायला तर बऱ्याचदा फेब्रुवारी उजाडतो, म्हणजे त्याच्या निघायच्या तयारीचे दिवस आलेले असतात.

तोवर आकारावर भर द्या. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक, शेपटी टोकदार, चोच राखाडी. थापट्याची चोच पुढे पसरट, उलथन्यासारखी, ती कुठल्याही रंगात लपत नाही. नोंदीत नर-मादी वेगळे लिहायची घाई ऑक्टोबरात करू नका.

यंदा आमच्या तळ्यावर पक्षी खूप कमी आहेत. पक्षी संपत चाललेत का?

एका तळ्यावरून, एका वर्षावरून हे ठरवता येत नाही. आधी पाण्याकडे बघा.

उजनीचं उदाहरण घ्या. पाऊस दमदार झाला आणि धरण काठोकाठ भरलं, की किनाऱ्याचा उथळ भाग पाण्याखाली जातो. तुतारी, टिलवा, शेकाट्या, पाणटिवळा यांना घोट्या-गुडघ्याएवढं पाणी आणि ओला चिखल लागतो. तो नसला तर ते दुसरीकडे जातात. बदकंही मोठ्या पाण्यावर विखुरतात, मग भिगवणला गेलेला माणूस ‘काहीच नाही’ म्हणत परत येतो. रब्बीसाठी पाणी सुटायला लागलं, जानेवारी-फेब्रुवारीत काठ उघडे पडले, की त्याच जागी पक्ष्यांची गर्दी होते. दुष्काळाच्या वर्षी नेमकं उलटं घडतं. छोटी तळी लवकर आटतात आणि जिथे पाणी उरलंय तिथे सगळे एकवटतात. तेव्हा एका ठिकाणचा आकडा फुगलेला दिसतो, पण त्या जिल्ह्यात पक्षी वाढलेले नसतात.

म्हणून नोंदीत एक ओळ पाण्याची लिहा: तळं किती भरलंय, चिखल उघडा आहे का, जलपर्णी पसरली आहे का. पाच वर्षांनी त्या आकड्याचा अर्थ लावताना ही ओळच कामाला येते.

चिंता मात्र खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ९४२ जातींचा त्यात विचार केला होता. ३३८ जातींची दीर्घकाळातली वाढ-घट सांगता येण्याइतकी माहिती होती, आणि त्यातल्या २०४ जाती घटलेल्या होत्या. लांबून स्थलांतर करून येणारे पक्षी, त्यातही किनाऱ्यावर चरणारे, विशेष घटलेत. हे कळलं ते हजारो माणसांनी वर्षानुवर्षं साध्या नोंदी लिहिल्या म्हणून.

पाहायला कुठे जावं?

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. २०१९ साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पुढच्या वर्षी बुलढाण्याचं लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्या यादीत आली. पैठणला जायकवाडीचा नाथसागर, पुणे-सोलापूरच्या सीमेवर उजनी, विदर्भात नवेगावबांध आणि गावोगावचे मालगुजारी तलाव, मुंबईत शिवडीची खाडी. माळरानावरचे भोवत्ये हे शिकारी पक्षी पाहायचे तर सोलापूर-अहिल्यानगरकडची गवताळ राने.

पण खरं सांगायचं तर पहिलं ठिकाण घरापासून चालत जाता येईल असं निवडा. नाला, विहिरीजवळचा पाणवठा, सोसायटीमागचं पडीक रान, काहीही चालेल. भिगवणला वर्षातून एकदा जाणं होतं, नाल्यावर आठवड्यातून दोनदा जाता येतं. मी शंकर हा पक्षी पहिल्यांदा नीट पाहिला तो कुठल्या अभयारण्यात नव्हे, सांडपाण्याच्या चरीच्या काठावर, वेखंडासारख्या दिसणाऱ्या गवताच्या बुडाशी. आधी नुसता एक तपकिरी उंदरासारखा जीव तुरुतुरु पळाला. मग थांबला, शेपटी वर केली, तिच्या मुळाशी दोन बाजूंना विटकरी रंग चमकला आणि तो माझ्याकडे वळला. गळ्यावर निळा पट्टा, मधे तांबूस ठिपका, खाली काळी आणि मग तांबडी कड. दहा फुटांवर. मी श्वास रोखून उभा होतो. पुढचे चार महिने तो त्याच पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यात भेटत राहिला.

नोंदीत काय काय लिहायचं?

तारीख, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, नेमकी जागा, किती अंतर चाललात, बरोबर किती जण होते, आणि दिसलेल्या (किंवा आवाजावरून ओळखलेल्या) प्रत्येक जातीची संख्या. एवढं असलं की नोंद पक्की.

यातल्या वेळेचं आणि अंतराचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. समजा एकाने लिहिलं ‘तलावावर १२ चक्रवाक’ आणि दुसऱ्याने लिहिलं ‘सकाळी ७.१० ते ८.२५, दीड किलोमीटर काठाकाठाने, १२ चक्रवाक’. पहिल्या नोंदीतून चक्रवाक होते एवढंच समजतं. दुसऱ्या नोंदीची पुढच्या वर्षीच्या तशाच सव्वा तासाच्या फेरीशी तुलना करता येते. पक्षी वाढले की घटले हे अशा तुलनेतूनच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे यादी पूर्ण असावी. म्हणजे जे जे ओळखता आलं ते सगळं लिहायचं, आवडलेलं तेवढंच नाही. यादी पूर्ण असेल तर तिच्यात नसलेला पक्षीही काही सांगतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ‘तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का’ असं विचारतात ते याचसाठी. हे व्यासपीठ २००२ साली अमेरिकेत सुरू झालं आणि आज आपल्याकडच्या बहुतेक नोंदी तिथेच जातात. मोबाइल नको असेल तर वही चालते. फक्त नोंद जागेवरच करा, घरी जाऊन आठवून नको. घरी पोचेपर्यंत सात टिलव्यांचे पंधरा झालेले असतात, हे मी स्वतःच्या वह्यांतून सांगतो.

मोठा थवा कसा मोजायचा?

आधी थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी एकेक करून मोजा. ते दहा नजरेत किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा आणि मग त्या मापाने पुढे सरका: दहा, वीस, तीस. थवा हजाराच्या घरातला असेल तर पन्नासाचं किंवा शंभराचं माप धरा. थव्यात चार जाती मिसळलेल्या असतील तर आधी एकूण मोजा, मग दोन-तीन ठिकाणी नमुना म्हणून पन्नास पक्षी बघून कुठल्या जातीचे किती ते ठरवा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मोजा. दोन आकड्यांत थोडा फरक पडणारच, त्यांच्या मधला घ्या.

वारकऱ्यांनी नवशिक्यांना सगळ्यात जास्त दमवलंय. काळा पक्षी, पांढरं कपाळ, सारखा बुडी मारतो, आणि घार आली की सगळे एकमेकांना चिकटून काळा तवंग पसरल्यासारखे होतात. तेव्हा मोजू नका. पाच मिनिटं थांबा, ते पुन्हा पसरतील. लांबून फोटो काढून घरी त्यावर मोजणं हाही चांगला मार्ग आहे.

आणि ‘शेकडो’, ‘असंख्य’ असं लिहू नका. अंदाजे ३०० लिहिलेलं कितीतरी बरं. अगदीच मोजता आलं नाही तर फक्त ‘दिसले’ एवढी नोंद करा.

फक्त धोबी, वारकरी, टिटव्या आणि साळुंक्या दिसल्या. असली नोंद द्यायची का?

द्याच. या सगळ्या प्रश्नोत्तरांत मला मनापासून सांगायची गोष्ट कुठली असेल तर ती ही.

दुर्मीळ पक्षी दिसला की तो दहा जण कळवतात. त्याच्या मागे गाड्या धावतात, फोटो निघतात, त्याची नोंद आपोआप होते. पांढऱ्या धोब्याची नोंद मात्र कुणी करत नाही, कारण तो ‘असतोच’. चिमणीबद्दलही आपण असंच म्हणायचो. मग एक दिवस ती आपल्या वाड्यांत, गल्ल्यांत दिसेनाशी झाली, आणि आधी किती होत्या हे सांगायला कुणाकडेच आकडा नव्हता. पक्षी भरपूर असतात तेव्हाच त्यांची मोजदाद करून ठेवावी लागते. धोबी पंधरा होते की दीडशे, पहिला कोणत्या तारखेला दिसला, शेवटचा कधी, हे एका नाल्यापुरतं दहा वर्षं कुणी लिहिलं तर ती वही मी कुठल्याही दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोच्या वर ठेवीन.

काहीच दिसलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा. तासभर थांबलो, तळ्यावर एकही बदक नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

तुताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. ओळखायच्या कशा?

तीन जाती गोड्या पाण्यावर कायम दिसतात, तेवढ्या आधी पक्क्या करा.

सामान्य तुतारी पाण्याकडेला मागचा भाग सतत वरखाली हलवत चालते. बसलेली असताना छातीचा पांढरा रंग पंखापुढे खांद्यापर्यंत पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. उडताना पंख ताठ धरून, थरथरवत पाण्याच्या अगदी जवळून जाते. हिरवी तुतारी वरून गडद. दचकून उडाली की काळसर अंगावर पांढराशुभ्र कमरेचा भाग एकदम उठून दिसतो, आणि पंखांची खालची बाजूही गडद असते. ठिपकेवाल्या तुतारीची पाठ नावाप्रमाणे ठिपक्यांची, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, पाय पिवळसर आणि पंखांची खालची बाजू फिकी.

यापलीकडे शंका राहिली तर ‘तुतारी, जात निश्चित नाही’ असं लिहा. यात कमीपणा काहीच नाही. आमच्यातल्या तीस-तीस वर्षं पक्षी पाहणाऱ्यांच्या यादीतही अशा ओळी असतात, आणि म्हणूनच त्यांच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

हेच भोवत्यांबद्दल. दलदली भोवत्या वेताच्या बेटांवरून खालून खालून, पंख उथळ इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून तरंगतो. मादी तपकिरी आणि डोकं मलईच्या रंगाचं. घारीची शेपटी दुभंगलेली असते, याची नाही. एवढं सोपं आहे. पण माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या नि तरुण पक्षी दुरून वेगळे काढणं फार कठीण. तिथे घाई नको.

मी ई-बर्डवर दुर्मीळ पक्षी कळवला, पण नोंदी तपासणाऱ्यांनी पुरावा मागितला. माझ्यावर विश्वास नाही का?

प्रश्न तुमच्यावरच्या विश्वासाचा नाही. त्या भागात किंवा त्या महिन्यात सहसा न दिसणारी जात आली की प्रत्येकाला हेच विचारतात, जुन्या जाणत्यांनाही. तपासणारेही आपल्यासारखेच हौशी पक्षीमित्र असतात आणि हे काम ते बिनमोबदला करतात.

अशा वेळी फोटो असेल तर द्या, धूसर असला तरी. नसेल तर वर्णन लिहा, पण पुस्तकातलं नको. ‘सर्व खुणा जुळतात’ या वाक्याने काही कळत नाही. तुम्ही काय पाहिलं ते लिहा: उजेड कुठून होता, पक्षी किती दूर होता, किती वेळ दिसला, चोच डोक्याच्या मानाने केवढी होती, शेजारी कोणता पक्षी होता आणि त्याच्यापेक्षा हा लहान की मोठा, काय करत होता, आवाज कसा होता. आणि दुसरी कोणती जात असू शकली असती व ती का नाही, हेही लिहा. नोंद तरीही मान्य झाली नाही तर वही फाडू नका. कधी कधी दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला तोच पक्षी तिथेच दिसतो आणि तुमची जुनी नोंद पुन्हा काढली जाते.

मोबाइलचं ॲप आवाजावरून नाव सांगतं. तेच लिहू का?

ॲपने सुचवलं की त्या दिशेला बघा, पक्षी शोधा, स्वतः खात्री करा आणि मग लिहा. नुसत्या ॲपच्या भरवशावर लिहू नका. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, तिथे ॲपही फसतं.

भोरड्या ज्वारी खातात. शेतकऱ्यांनी त्यांच्या नोंदी कशाला करायच्या?

हा प्रश्न एका शेतकरी मित्राचा आहे आणि तो रास्त आहे. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की नुकसान होतं. गोफण आणि माळा उगाच आलेल्या नाहीत. पण याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणात खातात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलले की त्यांच्या फुलांतला मध पितात. चोचीला, कपाळाला पराग चिकटलेली भोरडी जवळून पाहिलीत तर ‘पळस मैना’ हे नाव कुणी का दिलं ते कळतं. वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्याकडे असते, वीण तेवढी तिकडे.

शेतकऱ्याची नोंद अनमोल एवढ्यासाठी की तो रोज शेतात असतो. पहिला थवा कधी आला, संध्याकाळी कुठल्या झाडांवर किंवा उसात रात्रीच्या वस्तीला जातो, ही माहिती रविवारी येणाऱ्या आमच्यासारख्यांकडे कधीच नसते.

पक्ष्याच्या पायात कडं किंवा गळ्यात पट्टा दिसला तर?

आधी रंग आणि त्यावरची अक्षरं-आकडे टिपा. कडं डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, हेही. जमल्यास फोटो. मग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम करते. बाहेर कडी घातलेला पक्षी असेल तर त्या देशातल्या संशोधकांपर्यंत निरोप पोचतो. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तळ्यांवर दिसले आहेत, आणि ते ओळखू आले कारण कुणीतरी दुर्बिणीतून ती अक्षरं धीराने वाचली. अक्षरं वाचायला म्हणून पक्ष्याच्या मागे धावू नका, तो चरत चरत कधीतरी वळतोच.

थवा उडताना फोटो छान येतो. नावाड्याला बोट जवळ न्यायला सांगितलं तर काय बिघडतं?

बिघडतं. छोटा टिलवा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा. परतीच्या हजारो किलोमीटरसाठी त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर चरबी चढवायची असते, म्हणजे दिवसभर खायचं असतं. तुम्ही त्याला एकदा उडवलंत तर पाच मिनिटांत परत बसेल. पण तुमच्यामागे दिवसभरात वीस बोटी असतात. एका रविवारी मी काठावर बसून पाहिलं, रोहितांचा एकच थवा दोन तासांत सात वेळा उठवला गेला. शेवटी ते धरणाच्या मध्यावर खोल पाण्याकडे निघून गेले, जिथे त्यांना चरता येत नाही. बोटीतली माणसं आनंदात टाळ्या वाजवत होती. मला तिथे बसवेना.

नावाड्यांना दोष देऊन चालणार नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून ते नेतात. तुम्ही चढतानाच ‘दादा, पक्षी उडवायचे नाहीत, लांबच थांबवा’ एवढं म्हणालात तर त्यांनाही बरं वाटतं, इंधन वाचतं ते वेगळंच. पक्षी मान वर करून थबकले, चरायचे थांबले, की तुम्ही मर्यादा ओलांडलीत असं समजा आणि मागे व्हा. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावू नका. ड्रोन तर नकोच.

दुर्मीळ पक्ष्याची जागा सगळ्यांना सांगावी का?

तळ्यावर दूर पोहणारं वेगळं बदक असेल तर खुशाल सांगा, चार जणांना आनंद होईल. दिवसा एकाच झाडावर झोपणारं घुबड, भोवत्यांची गवतातली रात्रीची वस्ती, कुणाचंही घरटं, यांची जागा सांगू नका. भोवत्ये जमिनीवर गवतात एकत्र रात्र काढतात, तिथे संध्याकाळी गाड्यांचे दिवे पोचले तर ती वस्ती उठते. नोंद मात्र करा, फक्त जागा ढोबळ ठेवा.

जखमी किंवा मेलेला पक्षी सापडला तर?

जखमी असेल, मांजात अडकला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. तळ्याकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, वनविभागाबरोबरच पशुवैद्यकीय दवाखान्यालाही लगेच सांगा.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. बाकी हौस नंतर.

एकट्याने नोंदी करून कंटाळा येतो. सगळ्यांनी मिळून करायचं काही आहे का?

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, आणि दरवर्षी त्याच तळ्यावर त्याच सुमारास मोजणं हेच तिचं बळ. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, त्यात आपल्या अंगणात पंधरा मिनिटं बसून मोजलं तरी चालतं. मुलांना घेऊन सुरुवात करायला ती सगळ्यात चांगली.

पक्षी परत गेले हे कधी समजायचं?

हे पहिल्या नोंदीपेक्षा अवघड आहे. पहिला थिरथिरा दिसला की लगेच लक्षात येतं, कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा तो पक्षी कालपर्यंत नव्हता. शेवटचा मात्र शेवटचा म्हणून दिसत नाही. एप्रिलमध्ये कधीतरी जाणवतं की बरेच दिवसांत तो नाही, आणि मग तारीख आठवत नाही. त्यावर एकच उपाय आम्हाला सापडलाय. मार्च लागला की वहीत दर दिवशी त्या एका पक्ष्यापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं. सलग दहा ‘नाही’ झाले की मागे जाऊन शेवटच्या ‘आहे’भोवती गोल करायचा. आमच्या गटातल्या एका आजींच्या वहीत असे गोल आहेत, आणि मार्चअखेरीला त्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाकडे बघत उभ्या असतात.